माजलगाव धरणावर ९.९ हॉर्सपॉवर : नवी होडी, नवं आउटबोर्ड आणि पहिल्या हंगामातली दुखणी

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. होडी उत्तम. इंजिन, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं आउटबोर्ड, चांगलं. दुकानदार विकेपर्यंत गोड आणि विकल्यावर नापास. पुन्हा घ्यायची वेळ आली तर इंजिन हेच घेईन, दुकान दुसरं बघेन, आणि पैसे देण्याआधी होडीच्या मागच्या फळीला टेप लावून माप घेईन.

आमचं घर भोयाचं. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात तीन पिढ्या मासेमारी चालू आहे. सासऱ्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. आता धरणावर जातात ते आमचे हे आणि धाकटे भाऊजी. बाजारात जाऊबाई बसतात. मी बी.कॉम. झालेली म्हणून घरचा हिशोब माझ्या गळ्यात, आणि बर्फाच्या पेट्या न्यायच्या-आणायच्या असतात तेव्हा होडीतही मी असते. त्यामुळं खाली लिहिलेलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि निम्मं वहीत मांडलेलं.

आधी आमच्याकडं पत्र्याची होडी होती. जागोजाग वेल्डिंग, वेल्डिंगवर डांबर. मागं लाँगटेल, म्हणजे पाण्याच्या पंपाला असतं तसं साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज असा की काठावरच्या माणसाला वाटावं पिठाची गिरणी पाण्यात सोडली. पण त्या इंजिनाला नावं ठेवणार नाही. हवेवर थंड होणारं, गाळ-पाण्याशी घेणंदेणं नसलेलं. बिघडलं तर गावातला पंपवाला दुपारपर्यंत सुरू करून द्यायचा.

मग बदललं कशाला? वाऱ्यासाठी. एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की हे धरण तलाव राहत नाही. पल्याडच्या काठाला जाळी लावलेली असतात, आणि पत्र्याची होडी भरलेली असली की लाँगटेलवर ती चालते कमी, डोलते जास्त. २०२४ च्या मे महिन्यात उजनीत कुगाव-कळाशीच्या मधे वादळात बोट उलटली आणि सहा जण गेले, ती बातमी आमच्या घरात टीव्हीसमोर बसून सगळ्यांनी ऐकली. त्या रात्री मामा जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "नवी घ्या. अन् ते फुगीर जाकीटबी घ्या, मला घालायला लावू नका फक्त." आता तेही घालतात. सुनेनं हिशोबात जाकिटाचा खर्च मोठ्यानं वाचून दाखवला, की वाया घालवायला जीव होत नाही.

दुसरं कारण भावाचं. कटला, रोहू ताजा दिसला तर व्यापारी एक भाव सांगतो, डोळा पांढरा पडला की दुसरा. उन्हाळ्यात पाऊण तास लवकर काठाला लागणं म्हणजे बर्फात पाऊण तास आधी जाणं. चिलापीला एवढा फरक पडत नाही, ती कशीही खपते.

होडी फायबरची, सोळा फुटी, कोकणातल्या एका कारागिराकडून बांधून घेतली. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तक्रारच नाही. तळ थोडा फुगीर, पुढं निमुळती, त्यामुळं लाट कापते, पत्र्याच्या होडीसारखी लाटेवर आपटत नाही. दोन्ही अंगांना आत हवेचे बंद कप्पे आहेत, पाणी भरलं तरी बुडू नये म्हणून. इंजिन बसतं त्या मागच्या फळीत आतून जाड लाकूड घालून वरून फायबर चढवलंय. मामांनी होडी उतरवल्या उतरवल्या सगळीकडून ठोकून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याला वल्हं लावायची जागा कुठंय?" कारागिरानं ती ठेवली नव्हती, आउटबोर्डवाल्या होडीला कशाला म्हणून. मामांनी ऐकलं नाही. दोन्ही काठांना लोखंडी कड्या बसवून घेतल्या. तो खर्च मी तेव्हा "हट्ट" या नावाखाली टाकला होता, नंतर खाडाखोड करून "दुरुस्ती" केला. का ते पुढं येईल.

इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारं. भाऊजींना पंधरा पाहिजे होतं. टू-स्ट्रोक घ्या, हलकं असतं आणि दुरुस्ती सोपी, असंही दोघा-तिघांनी सांगितलं. त्यात तथ्य आहे. पण टू-स्ट्रोकमधे पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, प्यायलाही ते जास्त पितं, आणि पाण्यावर तेलाची तवंग सोडतं. याच धरणाचं पाणी बीडला आणि माजलगावला प्यायला जातं. आपणच त्यात तेल सांडायचं आणि आपणच माठात भरायचं, हे मला पटेना. फोर-स्ट्रोकचं वजन चाळीस किलोच्या आसपास आहे. उन्हाळ्यात पाणी आत सरकलं की चिखलातून खांद्यावर आणायला दोन माणसं लागतात, ही त्याची किंमत. होडी, इंजिन, टाकी, जाकिटं, वाहतूक सगळं मिळून साडेतीन लाखांच्या घरात गेलं. थोडं बचतीचं, बाकी बँकेचं. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. शेती नाही म्हणून बँकेत जायला लाजणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

आता दुकानाकडं येते. नाव लिहीत नाही. मुंबईकडचं आहे आणि गिऱ्हाईक मुख्यतः समुद्रावरचं, एवढं पुरे.

आउटबोर्डचा दांडा साधारण दोन लांबीत येतो, पंधरा इंची आणि वीस इंची. कोणता घ्यायचा ते होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरतं. पंख्याच्या वर एक आडवी पाटी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा जराशी खाली आली पाहिजे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा खेचतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. लांब पडला तर पंखा उगाच खोल जातो, ओढ वाढते, आणि आमच्यासारख्या धरणात तो खालच्या खुंटांना शोधत फिरतो. आमची फळी पंधरा इंची. आम्ही फोनवर माप सांगितलं होतं, व्हॉट्सॅपवर फोटोही टाकला होता, टेप लावलेला. आलं वीस इंची.

फोन केला तर म्हणे, "मॅडम, समुद्रावर सगळे लाँगच लावतात, काही होत नाही." म्हणलं, दादा, माजलगावला समुद्र कधी आला? तर म्हणे फळीवर लाकडाचा ठोकळा वाढवून घ्या. बदलून द्या म्हणलं तर जाण्या-येण्याचं भाडं तुमच्याकडं, शिवाय पेटी उघडली म्हणून काही टक्के कापणार. पेटी न उघडता दांडा कसा मोजायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही. हे आठवडाभर चाललं. शेवटी बायपासवरच्या वेल्डिंगवाल्यानं अँगलची चौकट करून दिली. ती मागच्या फळीला चार आरपार बोल्टांनी कसली आणि तिच्यावर इंजिन पाच इंच वर चढवलं. बोल्टाच्या भोकात सिलिकॉन भरून घेतलं, नाहीतर आतलं लाकूड पाणी पिऊन सडतं. चौकट अजून हललेली नाही. पण पाच इंच वर बसल्यामुळं फळीवर ओढ जास्त येते, म्हणून प्रत्येक फेरीआधी बोल्टांना पाना लावायचा हे काम वाढलं. एका मापाच्या चुकीनं कायमचं चिकटलेलं काम आहे ते. दुकानाला एक तारा दिलाय तो यासाठी.

त्याच्याही आधी, पहिल्याच दिवशी, इंजिन सुरूच होत नव्हतं. दोरी ओढून भाऊजींचा दंड भरून आला. मधेच एकदा फटकन पेटलं तर निळा-पांढरा धूर असा सुटला की काठावरची म्हैस उठून गेली. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल असतं आणि ते आडवं ठेवायचं तर एका ठरावीक कुशीवरच ठेवावं लागतं. पेटीवर चित्र असतं. टेम्पोवाल्यानं घाटात पेटी सरकली म्हणून मधे कुठंतरी पलटी करून ठेवली होती. तेल सिलिंडरमधे उतरलं. हे कळलं ते आमच्या टू-व्हीलरच्या मिस्त्रीमुळं. त्यानं प्लग काढला, तो तेलानं माखलेला. पुसून बाजूला ठेवला, लाल दोरीची कळ काढून घेतली म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि प्लगच्या भोकावर फडकं धरून दोरी हळूहळू ओढली. फडक्यावर काळपट तेलाचे शिंतोडे येत राहिले ते थांबेपर्यंत. मग काडीवर तेलाची पातळी बघितली, घटलं होतं तेवढं भरलं, प्लग लावला, आणि थोडा वेळ धूर काढून इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं. मिस्त्रीनं आउटबोर्ड जन्मात पहिल्यांदा हातात घेतलं होतं. चहाशिवाय काही घेतलं नाही.

मग रुळवण्याचा काळ. पुस्तकात लिहिलंय की पहिला तास हळू, मग पहिल्या दहा तासांपर्यंत टप्प्याटप्प्यानं वाढवायचं, सलग पूर्ण सोडायचं नाही. आमच्या ह्यांनी नियम पाळला. भाऊजींना पाळायला लावण्यासाठी टाकीत पेट्रोलच मोजून घालत होते.

पुढची कटकट पेट्रोलच्या नळीची. टाकीपासून इंजिनाला जी नळी जाते तिच्या मधे एक रबरी गोळा असतो. सुरू करण्याआधी तो दाबून कडक करायचा. आमचा गोळा कितीही दाबला तरी मऊच. इंजिन सुरू व्हायचं, थोडं अंतर कापायचं आणि मधेच आचके देऊन बंद. काठावर जमलेल्या मंडळींनी कार्बोरेटरपासून नजर लागण्यापर्यंत सगळी कारणं सांगून झाली. हा गोळा मात्र फार बोलका असतो, त्याच्याकडं बघायचं. चालताना तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाहीये. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल किंवा नळी मुडपली असेल. आणि दाबूनही कडकच होत नसेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. आमच्यात हवा शिरत होती, नळीच्या टोकाच्या क्लिपेतल्या छोट्या रबरी रिंगमधून. कारखान्यातूनच चिरलेली. मिस्त्रीनं आपल्या डब्यातली एक मापाला लागणारी रिंग टाकली, पेट्रोलला टिकणारी बघून. तेवढ्यानं भागलं. दुकानानं नवी नळी पाठवतो म्हणून सांगितलंय. अजून सांगतच आहेत.

खरी परीक्षा घेतली ती पाण्याच्या धारेनं. आउटबोर्ड ज्या पाण्यात चालतं तेच पाणी आत ओढून स्वतःला थंड करतं. खाली जाळीतून पाणी शिरतं, आत रबरी पाकळ्यांचा इम्पेलर ते वर ढकलतो, आणि मागच्या बाजूनं एक बारीक धार बाहेर पडत राहते. धार म्हणजे पंप जिवंत आहे. आमच्या मॉडेलला तेलाचा दिवा आहे, पण इंजिन तापल्याचा भोंगा नाही. म्हणून धार हाच भोंगा. मी बर्फाच्या पेटीवर मागं तोंड करून बसते, त्यामुळं ती माझ्या बरोबर डोळ्यासमोर असते.

पल्याडहून येताना ती बोटभर होती ती सुतासारखी झाली, मग थेंब थेंब. मी ओरडले, भाऊजींनी इंजिन बंद केलं. वर उचलून बघितलं तर खालच्या जाळीला शेवाळ आणि एक गुटख्याची पुडी चिकटलेली. ती काढली, पुन्हा सुरू केलं, तरी धार मरतुकडी. मग ह्यांनी खिशातून तंगूस काढला. जाळं शिवायचा जाडसर नायलॉनचा धागा, आमच्या घरात माणूस चपलेशिवाय सापडेल पण तंगुसाशिवाय नाही. तो धारेच्या भोकातून वीतभर आत सरकवून फिरवला. भोकातून आधी चॉकलेटी गाळाची गुठळी पडली, मग अळीसारखा चिखल, आणि इंजिन सुरू केल्यावर धार थेट माझ्या पायावर. तारेनं हे करू नका, आतलं अॅल्युमिनियम ओरबाडतं. तंगूस बरोबर वाकतो.

पण दुखणं तिथं नव्हतं. थोड्या दिवसांनी धार पुन्हा बारीक झाली आणि या वेळी तंगुसालाही दाद देईना. मिस्त्रीच्या अंगणात दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरून त्यात इंजिन लटकवलं. कोरडं चालवून बघायचं नसतं हे ध्यानात ठेवा. पाण्याविना काही सेकंद फिरलं तरी इम्पेलरचं रबर घासून जळतं. ड्रममधेही धार नाही. मग खालचा गिअरचा भाग बोल्ट काढून उतरवला, वर पंपाचं घर उघडलं. आत सहा पाकळ्यांचं रबरी फूल. पाकळ्यांच्या कडा वाळूनं घासून गोल झालेल्या, दोन मोडायच्या बेतात आणि एक तुटून गेलेली. तुटलेला तुकडा शोधायलाच हवा, नाहीतर तो वर कुठल्यातरी वाटेत अडकून बसतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापत राहतं. तो सापडला वरच्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी. करंगळीच्या नखाएवढा.

नवं इंजिन आणि पहिल्याच हंगामात इम्पेलर? दुकानवाला म्हणाला वापर चुकीचा. मी म्हणते पाणी वेगळं. समुद्रावर वर्ष-वर्ष चालत असेल. इथं पावसाळ्यात सिंदफणा माती घेऊन येते, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही याच धरणात पडतं, आणि काठाला यायचं म्हणजे गुडघाभर पाण्यात पंख्यानं तळ ढवळत यायचं. इम्पेलर ती सगळी खळ गिळत होता. हे विकताना सांगायला हवं होतं. विचारलं होतं मी, "गाळाचं पाणी आहे, चालेल ना?" उत्तर आलं होतं, "बिनधास्त."

इम्पेलर यायला दोन आठवडे लागले. तोवर जुनी पत्र्याची होडी आणि गिरणी. आता दोन इम्पेलर घरात जादा ठेवलेत, आणि नियम केलाय की पाणी कमरेच्या खाली आलं की इंजिन वर उचलायचं आणि वल्ह्यानं काठाला लावायचं. मामांच्या कड्या कामी आल्या त्या अशा.

मामांचा दुसरा उपयोग नकाशाचा. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो २०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? मराठवाड्यातली बहुतेक मोठी धरणं मृतसाठ्यात होती, आणि एरवी पाण्याखाली असतं ते सगळं उघडं पडलं होतं. बाभळीचे खुंट, विहिरींचे कठडे, बांधांचे दगड, पडक्या भिंती. मामा तेव्हा रोज चालत जाऊन ते बघून यायचे. आता पाणी कितीही असो, ते होडीत बसून सांगतात, "त्या बेशरमाच्या झुडपाच्या अन् पाण्याच्या टाकीच्या रेषेत आलो की इंजिन आवळ." मी ते सगळं मोबाईलच्या नकाशावर खुणा करून ठेवलंय. पंख्याच्या पात्याला आजवर एकच खोक पडलीय, तीही मामा होडीत नसताना.

जाळं आणि पंखा यांचं मात्र हाडवैर. लाँगटेलला तंगूस गुंडाळला तर दांडा वर उचलला, कोयता मारला, झालं. आउटबोर्डमधे तो पंख्याच्या मागं दांड्यावर चढत जातो आणि दिसत नाही. तिथं तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं सील असतं. घट्ट गुंडाळलेला तंगूस ते कापतो. वीस तासांनी पहिलं गिअर ऑइल बदलायचं असतं म्हणून खालचा स्क्रू उघडला तर तेलाऐवजी दुधाळ, करड्या रंगाचं काहीतरी ओघळलं. पाणी गेलेलं. पंख्याची पिन उपटून, नट काढून पंखा बाहेर ओढला तर मागं केसांच्या गुंत्यासारखा तंगूस, उष्णतेनं वितळून कडक झालेला. सील दुकानातून मागवलं, ते मात्र चार दिवसांत आलं. श्रेय देते. तेल ९० नंबरचं हायपॉइड, आमच्या पुस्तकात तेच लिहिलंय, आणि ते ट्रॅक्टरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. भरायचं खालच्या भोकातून वर. वरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा राहते. आता दर रविवारी पंखा काढून मागं बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त पिन वाकवायला पक्कड हवी.

पेट्रोलचं थोडक्यात. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसात होडी वर ओढून ठेवली तेव्हा टाकी निम्मी भरलेली होती, आणि महिनाभरानं सुरू करताना इंजिनानं पुन्हा नखरे केले. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत धरलं तर तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसला. आता पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं, आणि आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर नळी काढून इंजिन चालू ठेवायचं, कार्बोरेटर रिकामा होऊन आपोआप बंद पडेपर्यंत. पाण्यात किंवा ड्रममधेच, अर्थात.

आता चांगलं बोलते, नाहीतर वाटेल ही बाई नुसती कुरकुरते. वरची सगळी दुखणी निघाल्यावर हे इंजिन एक-दोन ओढीत सुरू होतं. होडीत बसून साध्या आवाजात बोलता येतं, हे मला फार मोठं वाटतं. मोबाईलच्या जीपीएसवर रिकामी होडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जाते, तीन माणसं, बर्फ आणि मासळी भरून तेरा-चौदा. पूर्ण सोडलं तर तासाला चार लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, निम्म्यावर चालवलं तर दोनच्या आत. म्हणून जाताना निम्म्यावर, येताना गरजेप्रमाणं. मेमधे एकदा बीडच्या बाजूनं आभाळ काळं झालं, जाळं अर्धवट उचललेलं, वारं सुटायच्या आत आम्ही काठाला होतो. होडीत पाणी आलं नाही, मासळी सांडली नाही, आणि मला पोटात गोळा आला नाही. साडेतीन लाखांतले बरेचसे मी त्या दिवशी वसूल धरले.

तरी सगळ्यांनी हेच घ्यावं असं म्हणणार नाही. ज्यांची जाळी काठालगत, जलपर्णीत, उथळ गाळात असतात त्यांच्यासाठी लाँगटेलच बरं. दांडा उचलून कशावरूनही काढता येतो आणि थंड व्हायला पाणी लागत नाही. आमचंही जुनं लाँगटेल आम्ही विकलं नाही, पत्र्याच्या होडीला तसंच आहे आणि भाऊजी जलपर्णीकडं जाताना तेच नेतात. मोकळं, खोल पाणी कापून लांब जायचं असेल, वाऱ्याच्या आत परतायचं असेल, तर आउटबोर्ड.

आणि विकत घेताना हॉर्सपॉवरची चर्चा शेवटी ठेवा. आधी विचारा की इम्पेलर, सील, प्लग, पंख्याची पिन आज दुकानात हजर आहेत का, आणि आहेत म्हणाले तर त्याच बिलात लावून घ्या. दांड्याची लांबी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. वॉरंटी कार्ड तिथंच उभ्यानं वाचा. आमच्या कार्डावर धंद्यासाठी वापरलं तर वॉरंटीचा काळ कमी असं बारीक अक्षरात आहे, आणि मासेमारी म्हणजे धंदाच. वॉरंटीत काम करायचं तर इंजिन त्यांच्या दुकानात न्यायचं, म्हणजे माजलगावहून मुंबई. त्यापेक्षा बायपासवरचा मिस्त्री परवडला. आता धरणावरच्या आणखी दोघांनी आउटबोर्ड घेतलंय, तर त्यानं अंगणातला ड्रम कायमचा तिथंच ठेवलाय.

राहिलं ते पंख्याचं. भरलेल्या होडीत इंजिन पूर्ण सोडूनही दबल्यासारखं वाटतं, फेरे पूर्ण घेत नाही. त्याला पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढं ढकलतो ते अंतर, कमी असलेला पंखा लागेल असं कोकणातल्या होडीच्या कारागिराचं म्हणणं आहे. रिकाम्या होडीचा वेग थोडा घटेल, भरलेली जोर धरेल. दोन ठिकाणी भाव विचारलेत. इंजिन घेतलं त्या दुकानानं सगळ्यात स्वस्त सांगितलाय. दुसरीकडून घेणार आहे.